पाहुण्यांची खोली, पंधरा हजारांत

आमच्या घरात 'पाहुण्यांची खोली' नावाची एक खोली आहे. गेल्या नऊ वर्षांत तिच्यात एकही पाहुणा झोपलेला नाही. पाहुणे आले की हॉलमध्ये गाद्या पडतात. त्या गाद्या या खोलीतून ओढून आणायच्या, एवढाच तिचा आणि पाहुण्यांचा संबंध.

इमारत पुण्यातल्या सहकारनगरातली, १९८७ची. खोली दहा बाय अकरा. भिंतींना पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, खाली मोझॅकची लादी, एक लोखंडी कॉट, एक लोखंडी कपाट (कंपनी कुठलीही असो, आमच्याकडे त्याला गोदरेजच म्हणतात) आणि वर लागताना तीनदा डोळे मिचकावणारी ट्यूब. सासू-सासऱ्यांनी हौसेने केलेली खोली. त्या काळी ऑइलपेंट म्हणजे थाट. भिंत ओल्या फडक्याने पुसता येते याचं अप्रूप होतं, आणि सासूबाई दर दिवाळीला ती पुसायच्याही.

जानेवारीत रत्नागिरीहून मावशीचा फोन आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन पुण्यात, मार्चमध्ये. आधी एक डोळा, मग तीन आठवड्यांनी दुसरा. म्हणजे सव्वा-दीड महिन्याचा मुक्काम. मावशी शहात्तरची, गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठते. "हॉलमध्ये पडेन गो कुठेतरी," म्हणाली. मी म्हटलं, "काहीतरीच काय, पाहुण्यांची खोली आहे की आमच्याकडे!" फोन ठेवला आणि त्या खोलीचं दार ढकललं. ते अर्धंच उघडलं. मागे होल्डॉल होता.

पैशांची सोय म्हणजे नुकतीच लागलेली भिशी, रोख पंधरा हजार. मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर होती, त्यामुळे यावर एक रुपया मिळणार नाही हे नवऱ्याने आधीच सांगून टाकलं. सोसायटीत नेहमी येणाऱ्या पेंटरला बोलावलं. त्याने खोलीत उभं राहून चार भिंतींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नुसत्या रंगकामाचे तेवीस हजार सांगितले. चहा पिऊन गेला.

खोली रिकामी करायलाच चार दिवस लागले. १९९१पासूनचे दिवाळी अंक, दोन खोकी कॅसेटी, न चालणारं शिलाई मशीन, माझ्या रुखवतातला काचेच्या पेटीतला ताजमहाल आणि गणपतीची तीन थर्माकोलची मखरं. २०१८ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून ती वापरताही येईनात आणि टाकवतही नव्हती. रद्दीवाल्याकडून १,६४० रुपये आले. ताजमहाल त्याने घेतला नाही. मावसबहिणीनेही घेतला नाही. तो आता आमच्या बेडरूमच्या माळ्यावर आहे.

खोली मोकळी झाल्यावर माझ्या डोक्यात आधी रंगच घोळत होता. कुठला लावावा, एक भिंत गडद करावी का, वगैरे. पण त्या रात्री नवरा जोरजोरात घोरायला लागला म्हणून मी उशी घेऊन त्या कॉटवर जाऊन झोपले. झोपले कसली, जागीच होते. दिव्याचं बटण दाराशी, कॉट समोरच्या भिंतीला. अंधारात उठले तर कपाटाचा कोपरा थेट दंडात. कॉट इतकी बुटकी की माझ्या बऱ्या गुडघ्यांनाही उठताना हात टेकावा लागला. पंख्याचा रेग्युलेटर जुना, चौकोनी, पेटीसारखा. त्याचे एक आणि पाच एवढेच आकडे चालत होते. एकवर वारा नाही, पाचवर पांघरूण उडतं. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड बरोबर उशीवर. पाण्याचा तांब्या ठेवायला जागा नाही म्हणून तो जमिनीवर ठेवला आणि पहाटे त्याला पाय लागला. दाराची कडी वरती, टाचा उंचावल्याशिवाय हात पोचत नाही.

सकाळी वीजबिलाच्या मागे यादी केली. 'भिंतीचा रंग' तिच्यात आठवा होता.

पण सातव्या नंबरवर होती ओल, आणि ती रंगाच्या आधीच उरकायला हवी होती. खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर तळहाताएवढे पोपडे आले होते आणि आत पांढरा लोणा, बोटाला मिठासारखा लागणारा. शेजारच्या काकांनी सांगितलं, पुट्टी मारा, बसेल. सुदैवाने खालच्या मजल्यावर बाथरूमचं काम चालू होतं, तिथला गवंडी पाच मिनिटं वर आला. त्याने भिंत वाजवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "ताई, छज्जावर पिंपळ लावलाय तुम्ही." खरंच होता. वीतभर उंचीचा, चार पानांचा, छज्जा आणि भिंत जिथे मिळतात तिथल्या केसाएवढ्या फटीत. त्या भिंतीवर पावसाळाभर नैर्ऋत्येकडचा मारा असतो. पाणी त्या फटीतून आत यायचं आणि आम्ही आतून रंग लावत राहायचो.

आम्ही पहिल्या मजल्यावर, त्यामुळे शिडीवर भागलं. पिंपळ मुळासकट उपटला, फट खोदून भरली, छज्जावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. आतले पोपडे खरवडून, लोणा ब्रशने कोरडाच झाडून काढला. (पाण्याने पुसला तर तो विरघळून परत भिंतीत जातो, हे गवंड्याने सांगितलं.) सगळे मिळून १,८०० रुपये. पंधरा हजारांतले पहिले पैसे गेले ते घराबाहेरच्या, कुणालाही न दिसणाऱ्या फटीत.

आता भिंत वाळली हे कळायचं कसं? जाड प्लास्टिकचा फूटभर चौकोन भिंतीवर लावायचा, चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि दोन दिवस बघायचं. आत दव धरलं तर भिंत अजून ओली. पहिल्या वेळी इडलीच्या झाकणासारखे थेंब जमले. अकरा दिवस पंखा लावून, खिडकी उघडी ठेवून वाट पाहिली. दुसऱ्या वेळी प्लास्टिक कोरडं निघालं. फेब्रुवारी होता म्हणून अकरा दिवसांत जमलं, श्रावणात हे काम काढलं असतं तर मावशी हॉलमध्येच झोपली असती.

त्या अकरा दिवसांत कपाट केलं. गंज पॉलिशपेपरने घासला, रेड ऑक्साइडचा एक हात, वर करड्या इनॅमलचे दोन. साहित्याला ४५० रुपये. बिजागऱ्यांना तेल दिलं तर चाळीस वर्षांची किरकिर बंद झाली आणि नवऱ्याला चुकल्यासारखं वाटायला लागलं. कपाट खोलीबाहेर मात्र निघेना. दाराची चौकट नंतर बदलली असावी, कारण आत ते नक्की याच दारातून आलं होतं. शेवटी भिंतीपासून दीड फूट पुढे ओढून ठेवलं, मागे शिरून भिंत करायची असं ठरवून.

रंगाची पहिली फजिती माझीच. ऑइलपेंटवर सरळ प्लास्टिक इमल्शन लावून बघूया म्हणून कोपऱ्यात हातभर तुकडा रंगवला. दिसला सुंदर. दोन दिवसांनी नखाने कोपरा उचलला तर दुधावरची साय यावी तसा अख्खा पापुद्रा हातात. ऑइलपेंट गुळगुळीत, त्याला पाण्यातला रंग धरायला काही नसतंच. तो खरखरीत करून घेतल्याशिवाय सुटका नाही.

आणि घासायचं तर तेही कोरडं नाही. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या, त्यातही ऐंशीच्या दशकातल्या ऑइलपेंटमध्ये शिसं नसेलच असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, आणि कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर होते. म्हणून वॉटरपेपर आणला, बादलीत पाणी घेतलं, तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि भिंत ओली करून घासायला घेतली. मुलीला त्या दिवसांत खोलीत येऊ दिलं नाही. सुमारे साडेतीनशे चौरस फूट भिंत. पहिल्या दिवशी वाटलं दोन तासांचं काम. संध्याकाळपर्यंत एक भिंत झाली आणि उजवा खांदा गेला. घासताना पिस्ता रंगाचं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, आणि पिस्त्याच्या खाली एक जुना गुलाबी निघाला. नवरा बघतच राहिला. "ही माझी अभ्यासाची खोली होती तेव्हाचा," म्हणाला आणि मग न सांगता दुसरा वॉटरपेपर घेऊन शेजारच्या भिंतीला लागला. खिडकीशेजारी गुलाबीवर पेन्सिलीने कोरलेला पायथागोरसही सापडला. तोही घासला गेला, इलाज नव्हता.

चकाकी पूर्ण गेली, हात फिरवल्यावर पाटीसारखं लागायला लागलं, मग भिंती साध्या पाण्याने पुसून वाळू दिल्या. पुट्टी आणि छत मात्र माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पुट्टी ओढायचा पत्रा धरायचा कोन हातात बसायला वर्षं लागतात, आणि वाईट पुट्टीवर कितीही भारी रंग लावा, संध्याकाळच्या तिरप्या उजेडात सगळे उंचवटे दिसतात. तेवीस हजारवाल्याच्याच हाताखालचा एक मुलगा रोजावर आला. हजार रुपये रोज, तीन दिवस. त्याने चिरा-खड्डे भरले, छत केलं, प्रायमर मारला आणि मला रोलर कसा चालवायचा ते शिकवलं: वरून खाली सरळ नाही, आधी इंग्रजी डब्ल्यू काढायचा, मग तो भरायचा. रोलर कोरडा पडायला लागला की थांबायचं, दाबून रंग पिळायचा नाही. मी दाबलाच. त्या जागी आतल्या बाजूने अजून रेघ आहे.

रंग शेवटी पांढराच घेतला, जरासा सायीकडे झुकणारा. गडद भिंत वगैरे सगळं बारगळलं, कारण एकाच रंगाचा दहा लिटरचा डबा स्वस्त पडतो आणि भिंती-छताला दोन हात त्यात बसतात. डबा २,४००, प्रायमर ७५०, पुट्टी ५२०, वॉटरपेपर-रोलर-पत्रा-चिकटपट्टी मिळून ६००. सगळी खरेदी बोहरी आळीतून. तिथे रविवारी जाऊ नका, आणि गाडी घेऊन तर कधीच जाऊ नका. वीस लिटरच्या रिकाम्या डब्याला पुण्यात भाव आहे, पण दहा लिटरचाही बादली म्हणून चालतो. आता आमच्याकडे पोतेरं त्यातच असतं.

विजेचं थोडक्यात सांगते. वायरमनने बोर्ड उघडला तर अर्थिंगची तार आतपर्यंत आलेली, पण कुठेच जोडलेली नव्हती. चाळीस वर्षं तशीच. ती जोडली, काळी बटणं जाऊन नवा बोर्ड आला, आणि कॉटशेजारी टू-वे बसवला, म्हणजे दिवा दाराशी लावायचा आणि पलंगावरून मालवायचा, जिन्यात असतो तसा. नवा रेग्युलेटर, पांढरी एलईडी ट्यूब आणि रात्रीसाठी खाली, गुडघ्याच्या उंचीवर एक मिणमिणता पिवळा दिवा. तपकीर गल्लीतून सामान आणलं, मजुरी धरून २,२५०.

गादी कापसाचीच ठेवली. फोमच्या गादीचे भाव बघून आले होते, पण खरं सांगायचं तर मावशीला तिच्यावर झोप आली नसती. गादीवाल्याकडे कापूस पिंजून, नवी खोळ घालून, टाके मारून अकराशे. नेताना वजन केलं आणि आणतानाही केलं. गादीवाल्याला ते आवडलं नाही, पण बोलला काही नाही. कॉटच्या चार पायांखाली सुताराने खोबण पाडलेले सागाचे ठोकळे दिले, चार इंच उंचीचे, तीनशे रुपयांत. सगळ्या खोलीत सगळ्यात उपयोगाला आलेली वस्तू मला विचाराल तर हे ठोकळे. त्यानंतर दाराला हाताच्या उंचीवर कडी, पलंगाशेजारच्या भिंतीला धरून उठायला एक मजबूत स्टीलचा दांडा, दोन हूक. यांचे ३८०.

पडद्यांची गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगते. कापडगंजात मांजरपाट घेतला, सत्तर रुपये मीटर, आठ मीटर. जाड, ओबडधोबड, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड अडवणारा. मशीनवर स्वतः शिवले, साडेतीनशेच्या दांडीवर टांगले, लांबी खालच्या चौकटीला बरोबर टेकलेली. फोटो काढून मावसबहिणीला पाठवला. मग खळीचा वास जाईना म्हणून धुतले. वाळल्यावर टांगले तर चांगले चार इंच वर! आखूड झालेल्या पायजम्यासारखे. कोरा मांजरपाट शिवायच्या आधी भिजत घालायचा, हे माझ्या आईने मला निदान दहादा सांगितलं असेल. शेवटी एका जुन्या इरकलीचे काठ काढून खाली जोडले. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "काय सुंदर कल्पना आहे गं!" मी काही बोलत नाही.

लादीचं मशीन पॉलिश करायचं होतं. ते अडीच हजारांच्या खाली कुणी यायला तयार नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ॲसिडची बाटली पुढे केली, "आत्ता चकचकीत होईल." बाटली घेऊन घरीही आले होते. रोजावरच्या त्या मुलानेच थांबवलं. मोझॅकमध्ये संगमरवराची खडी आणि सिमेंट, ॲसिड दोन्हीला खातं. फसफसून वरची मळी जाते खरी, पण लादीची कातडीही जाते आणि मग ती कायमची मळखाऊ होते. ॲसिड संडासात गेलं. मग गुडघ्यावर बसून धुण्याचा सोडा, कोमट पाणी आणि नारळाच्या शेंडीने दोन दुपार घासली. वाळल्यावर मेणाचा हात. १२० रुपये. काळ्या, पांढऱ्या आणि विटकरी खडीचे ठिपके असे वर आले की मुलीने खाली बसून फोटो काढले. म्हणाली, "आई, हॉटेलांत मुद्दाम अशा लाद्या करून घेतात हल्ली." मुद्दाम करून घेतात म्हणे.

हिशेब १४,५८० वर थांबला. रद्दीचे पैसे वेगळे, त्यातून मच्छरदाणी आणि पलंगाशेजारी ठेवायला एक तिपाई आली. तिपाई बुधवारच्या जुन्या बाजारातली, एक पाय आखूड. त्याखाली दिवाळी अंकाची घडी आहे. १९९३चा.

मावशी यायच्या आधी आठ दिवस खोली उघडी ठेवली, रंगाचा वास जावा म्हणून. ती आली, पिशवी हूकला अडकवली, पलंगावर बसली, उठली, पुन्हा बसली. काहीच बोलली नाही, पण दोनदा उठून बसली हे मी बघितलं. मग भिंतीकडे बघून म्हणाली, "छान केलंस गो. हळदीचा रंग दिलास, उजळ वाटतं." मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, पिवळ्या दिव्यामुळे असेल. दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हातही ती हळदीच म्हणाली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी काढली, काळा चष्मा घालून तिला घरी आणलं, पडदे ओढून बसवलं. दिवसातून सहा वेळा थेंब, डोळ्याला पाणी नाही, वाकायचं नाही. तिपाईवर थेंबांच्या बाटल्या ओळीने लागल्या. संध्याकाळी थेंब घालायला गेले तर बाई चष्मा काढून बसलेल्या. उजव्या डोळ्यावर हात धरायचा, भिंत बघायची. हात काढायचा, डाव्यावर धरायचा, भिंत बघायची.

"मावशी, काय चाललंय?"

"अगो, ही भिंत या डोळ्याने पिवळी नि या डोळ्याने पांढरी!"

डॉक्टरांनी नंतर समजावलं, मोतीबिंदूचं भिंग पिवळट होत जातं, आणि ते इतकं सावकाश की माणसाला कळत नाही. वर्षानुवर्षं ती सगळं जग त्या पिवळ्या काचेतून बघत होती. दोन-तीन दिवस तिचा तोच खेळ. पडदा, पातळ, माझं तोंड, दुधाचा पेला, सगळं एकदा या डोळ्याने, एकदा त्या.

चौथ्या दिवशी मी थेंब घालत होते, तर ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. नव्या डोळ्याने. कपाटाच्या दिशेने.

"ते वर काय गो हिरवं?"

मी वळून बघितलं. कपाटाच्या डोक्यावर, भिंतीच्या कोपऱ्यात, वीतभर पिस्ता तसाच राहिला होता. कपाटामागे शिरून काम करताना कुणाचाच हात तिथवर पोचला नसणार. आम्ही तिघं महिनाभर त्या खोलीत येत-जात होतो, कुणालाही दिसला नव्हता.

"रंग उरलाय ना?" मावशी म्हणाली. "मग दुसरा डोळा व्हायच्या आत लावून टाक."